आतल्या ताईंच्या पिना

त्या दातांच्या दवाखान्यात दोनच खोल्या आहेत असं पेशंट समजत. एक बाहेरची, जिथे लोक गालाला हात लावून बसत, आणि एक डॉक्टरांची, जिथे ते हात काढून ओरडत. डॉक्टरांच्या खुर्चीमागे एक हिरवा पडदा होता आणि पडद्यामागे तिसरी खोली होती. तिथे एक नळ, एक गॅसची शेगडी, एक लांब टेबल, आणि त्या टेबलाशी गेली सव्वीस वर्षं बसलेल्या ताई.

ताई कवळ्या करत. पेशंटच्या तोंडाचा साचा प्लास्टरमध्ये उतरून त्यांच्यापुढे येई. त्यावर त्या मेणाच्या हिरड्या चढवत, एकेक दात बसवत, मग मेणाच्या जागी गुलाबी मसाला दाबून भरत आणि सगळं प्रकरण बटाट्यासारखं पाण्यात उकळायला ठेवत. कवळी टोचली, सैल झाली, बोलताना टकटक वाजली, की काउंटरवरची बाई पेशंटला म्हणे, “थांबा हं, आतल्या ताईंना सांगते.” त्यावरून त्यांचं नावच आतल्या ताई पडलं.

आसपासच्या चार रस्त्यांवरचे निम्मे जबडे ताईंना तोंडपाठ होते. चेहरा मात्र त्यांनी एकाचाही पाहिला नव्हता, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. प्लास्टरचा जबडा उलटून बोलत नाही, ही त्यांच्या मते जबड्याची सर्वांत चांगली अवस्था. जिवंत अनोळखी माणूस समोर आला की सगळ्या गावाला दात पुरवणाऱ्या या बाईची दातखीळ बसायची.

पिनांचं वेड लागलं ते एका तुटक्या बटणामुळे. ताई धाकट्या भावाकडे राहत. भाऊ गाडी चालवायला शिकवायचा आणि त्याची बायको, म्हणजे वहिनी, पोस्टात काउंटरवर होती. ताईंना जितकं कमी बोलता यायचं तितकंच वहिनीला जास्त यायचं, त्यामुळे दोघींचं उत्तम जमे. एका सकाळी पोस्टात निघताना वहिनीच्या स्वेटरचं वरचं बटण गेलं.

“ताई, काहीतरी करा हो. सेफ्टी पिन लावून बसले तर साहेब म्हणेल, घरात सुईदोरा नाही का!”

ताईंनी नुसती मान हलवली. त्या दिवशी दवाखान्यात एक कवळी भरून झाल्यावर बोटभर गुलाबी मसाला उरला. एरवी तो कचऱ्यात जाई, कारण दहा मिनिटांत दगड होतो. पाणी उकळेपर्यंत ताई तो बोटांत घोळवत बसल्या. गुलाबी रंगाचं काय बरं असतं, असा विचार करता करता बोटांतून एक डुक्कर बाहेर आलं. गुबगुबीत, कान पडलेलं, शेपटीला एक वेटोळं. पोटात सेफ्टी पिन अर्धी रुतवून ताईंनी ते कवळीबरोबरच उकळलं, कोरणीनं कडा काढल्या आणि फिरत्या ओल्या चाकावर घासून असं चकचकीत केलं की डुकराच्या अंगात बल्ब दिसायला लागला.

वहिनी ते लावून पोस्टात गेली. दुपारपर्यंत रांगेतल्या नऊ जणांनी विचारलं, कुठून घेतलं. पार्सलवाल्यानं तर त्याला नावही ठेवलं.

झालं! ताईंच्या हाताला चटकच लागली. वहिनीच्या नेलपॉलिशच्या बाटल्या एकेक करत टेबलाखाली गेल्या. उरलासुरला मसाला आता वाया जाईना. काउंटरवरच्या बाईला टेलिफोनची पिन झाली, आणि रिसीव्हर मुद्दाम बाजूला काढून ठेवलेला, कारण ती तेच करायची. भावाला जेवायच्या टेबलाशीही डाव्या-उजव्या पायानं ब्रेक दाबायची खोड होती. त्याला एक बूट मिळाला, खाली ब्रेक. “हे काय पोरकट!” म्हणून तो रुसला, आणि दुसऱ्या दिवशी शिकवणीच्या गाडीत तीच पिन कॉलरला लावून बसला. शिकाऊ मंडळी म्हणे आता आधी पिनेकडे बघतात आणि मगच वळण घेतात.

ताईंचा एकच नियम होता. माणूस माहीत असल्याशिवाय पिन करायची नाही.

या नियमामुळेच गोगलगाय झाली.

डॉक्टरांचा हात हलका, स्वभाव गोड, पण वेळेच्या बाबतीत आनंदीआनंद. नऊ म्हणजे त्यांच्या लेखी साडेदहा. एका मंगळवारी बाहेर अकरा माणसं ताटकळलेली, आत ताई मोकळ्या, मसाला उरलेला. ताईंनी गोगलगाय केली. पाठीवर शंखाऐवजी डॉक्टरांची बॅग, शिंगांवर चष्मा. स्वतःशीच हसून त्यांनी ती खणात टाकली असती, पण काउंटरवरची बाई चहा घेऊन आत आली आणि गोगलगाय तिच्या पदरी, म्हणजे तिच्या कॉलरी पडली.

मग बाहेर कुणी विचारलं, “डॉक्टर कुठवर आले?” की ती काही न बोलता बोटानं कॉलर दाखवे. लोक गाल धरून हसत. दुखत असताना हसल्यानं आणखी दुखे, तरी हसत. आठवड्याभरात चार पेशंटनी तशीच पिन मागितली, ताईंनीही भाबडेपणानं करून दिली, आणि एका सकाळी डॉक्टर आले तर त्यांच्याच दवाखान्यात पाच गोगलगायी त्यांच्याकडे बघत होत्या.

डॉक्टर एक गोगलगाय हातात घेऊन पडद्याआत आले. ताईंनी कोरणी खाली ठेवली.

“ताई, हा मी?”

ताईंनी जमिनीकडे बघत मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही.

डॉक्टरांनी पिन उजेडात धरली. “गोगलगायीच्या तोंडात हजारो दात असतात, माहीत आहे तुम्हाला? बारीक, कानशीसारखे. दातांच्या डॉक्टरला याहून मोठा मान नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “पण बॅगेचा पट्टा तुटलाय माझ्या, तो तुम्ही अखंड दाखवलात. हे चुकलं.”

बोलले हसत, पण लागलं असावं. पुढचे आठ दिवस ते नऊच्या ठोक्याला हजर. लोकांची मोठी पंचाईत झाली. गप्पा अर्ध्यावर टाकून आत जावं लागे. नवव्या दिवशी डॉक्टर साडेदहाला आले आणि बाहेरच्या खोलीला हायसं वाटलं.

शाळेच्या हॉलमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी हातानं केलेल्या वस्तूंचा बाजार भरायचा. वहिनीनं कुणाला न विचारता एक टेबल अडवून टाकलं.

“मी नाही येणार,” ताई म्हणाल्या.

“तुम्ही नुसत्या बसा. तोंड माझं, हात तुमचे.”

एका बाजूला लोकरीच्या टोप्यांवाली, दुसऱ्या बाजूला साबणवाला, मधे काळ्या कापडावर वहिनीनं हट्टानं करून घेतलेल्या चाळीस पिना: वांगं, किटली, झोपलेलं मांजर, एक पाय नसलेली खुर्ची, रुसलेला ढग. लोक जमले, आणि वहिनीचं तोंड सुटणार एवढ्यात नवलच झालं. एका तरुणीनं किटली उचलली तर ताईंनी ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

“कुणासाठी?”

“सासूबाईंसाठी.”

“तापतात का लवकर?”

तरुणी गडबडली. “नाही हो. उलट, कितीही झालं तरी शांत.”

“मग किटली नको. मांजर न्या.”

वहिनीनं कपाळाला हात लावला. सकाळभर हेच चाललं. ज्याला वांगं हवं त्याला ताई ढग देत, ज्याला ढग हवा त्याला पुढच्या महिन्यात या म्हणत. एक गृहस्थ साहेबांसाठी पिन न्यायला आला तर त्याच्याकडून साहेबांचं सगळं वर्णन काढून घेऊन त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं. अशा माणसाला पिन देऊ नका, म्हणाल्या. दुपारपर्यंत गर्दी सगळीकडून आमच्याकडे आणि विक्री सगळी साबणवाल्याकडे, असं वहिनी पुढे कितीतरी दिवस सांगायची.

पण वहिनीलाही एक गोष्ट दिसली. ताई बोलत होत्या. अनोळखी माणसांशी! आणि कारणही लवकरच कळलं. गिऱ्हाईक हसलं की ताईंचा चेहरा उजळे आणि त्या वहिनीच्या कानाशी लागत. “खालची पूर्ण. चार वर्षांपूर्वीची. डावी दाढ मीच घासून दिली होती.” माणसं त्यांना अनोळखी नव्हतीच. एवढंच की आजवर त्यांची ओळख नाकाच्या खालीच संपत होती.

दुपारी एक ताठ कण्याच्या वयस्क बाई टेबलाशी आल्या. याच शाळेत त्या तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. त्या हॉलमध्ये शिरताच साबणवाल्यानं आपोआप सदरा खोचला. बाई पिना बघत होत्या, पण बोलताना तोंडावर रुमाल.

“छान आहेत,” रुमालामागून आवाज आला. “कशाच्या केल्यात?”

“कवळीच्या मसाल्याच्या,” वहिनी अभिमानानं म्हणाली.

“कवळीचं नाव काढू नका माझ्यापुढे!” बाईंचा रुमाल खाली आला. “तीन वेळा परत केली मी. तीन वेळा! त्या दवाखान्यात म्हणे आत कुणीतरी बसतं. मला एकदा त्या माणसाला भेटायचंय. मला घोड्याचे दात दिलेत त्यानं.”

वहिनीला ठसका लागला. ताईंनी मात्र बाईंच्या वरच्या ओळीकडे एकटक बघितलं. ती ओळ त्यांना पाठ होती. पहिल्यांदा चिठ्ठी आली होती, ‘घोड्यासारखे.’ ताईंनी दात अर्ध्या मिलिमीटरनं कमी केले. दुसरी आली, ‘अजून माझे नाहीत.’ त्यांनी रंग बदलला. तिसरीत नुसतं ‘नको’ होतं. त्या ‘नको’नं ताईंची दोन रात्रींची झोप उडवली होती, आणि काय बदलायचं ते न कळल्यानं कवळी तशीच बाईंकडे परत गेली होती.

पळून जावंसं वाटलं, पण पुढे टेबल होतं आणि मागे भिंत.

“तो माणूस मीच,” ताई म्हणाल्या.

बाईंनी रुमाल परत वर नेला, मग विचार बदलला. “तुम्ही? मग सांगा, कुठून आणलेत हे दात? मी हसले की आरशात माझी धाकटी जाऊ हसते.”

“पक्की करण्याआधी मेणावर बसवून दाखवली तेव्हा चालेल म्हणालात ना?”

“तोंडात मेण असताना माणूस दुसरं काय म्हणणार?”

हे ताईंना पटलं. त्यांनी एक खुर्ची पुढे ओढली. “बसा. तुमचे कसे होते?”

सव्वीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. विचारायला कुणी समोर आलंच नव्हतं. बाई बसल्या. आधी तोडून बोलल्या, मग खुलल्या. पुढच्या दोन दातांत फट होती. लहानपणी त्यावरून चिडवत, लग्नाच्या वेळी घरच्यांना काळजी, आणि ज्याच्याशी लग्न झालं तो म्हणे फट बघूनच हो म्हणाला. डावीकडचा दात किंचित झुकलेला होता, शेजारच्याचं बोलणं ऐकायला आल्यासारखा. “आणि माझा ‘स’ गेला हो. फटीतून बारीक शीळ यायची. आता सगळं कसं कुलूप लावल्यासारखं.”

साच्यात यातलं काहीच उतरलं नव्हतं. साचा घेतला तेव्हा दात उरलेच नव्हते, आणि ताईंनी पुस्तकात दाखवलेले सुंदर, सरळ दात बसवून दिले होते. आपण तीनदा मन लावून चूक केली हे त्यांच्या लक्षात आलं.

“फोटो?”

“फोटोत कोण हसायचं त्या काळी? मारायला नेल्यासारखे उभे राहायचो.”

पुढच्या गुरुवारी ताईंनी बाईंसाठी एक पिन केली. नुसतं एक हसू: गुलाबी हिरडी, सहा दात, मधे फट. पूर्ण कवळी मोडून बघण्यापेक्षा हे सोपं होतं, बाईंना उजेडात, आरशात, छातीवर लावूनही पाहता येणार होतं. बाई स्वतःच पडदा सारून आत आल्या. त्या खोलीत येणाऱ्या त्या पहिल्या पेशंट. मुलं पडद्यामागे काय करतात हे बघण्यात उभा जन्म गेला होता त्यांचा, त्यामुळे परवानगी वगैरे मागायचा प्रश्न आला नाही.

पिन त्यांनी हातभर लांब धरली. “अहो, यातून बस जाईल!”

दुसऱ्या गुरुवारी दुसरी पिन. “ही ठीक आहे. पण ही माझी नाही, माझ्या शेजारणीची. ती हसली की असं वाटतं काहीतरी मागणार आहे.”

ताईंना राग यायला हवा होता, पण त्यांना मजा वाटू लागली होती. तिसऱ्या पिनेला त्यांनी डावा दात केसभर वळवला, फट वर अरुंद आणि खाली जराशी मोकळी ठेवली. बाई ती घेऊन खिडकीशी गेल्या. उजेडात ती फिरवून पाहिली. मग पिन स्वेटरला लावली, पर्समधला आरसा काढला, एकदा पिनेकडे पाहिलं आणि एकदा स्वतःकडे.

“कुठे होतीस गं इतके दिवस,” असं काहीसं त्या पुटपुटल्या. ताई नळाखाली हात धुवायला लागल्या. हात आधीच स्वच्छ होते.

आता डॉक्टरांना विचारणं आलं.

“फट असलेली कवळी?” डॉक्टर म्हणाले. “ताई, लोक म्हणतील यांना दात मोजता येत नाहीत. आपण लोकांच्या फटी बुजवतो, पाडत नाही.”

“त्यांना हवी आहे.”

“मी चुकीची कवळी बसवली असं दिसेल हो.”

ताईंनी एरवी मान खाली घातली असती. त्या दिवशी त्यांनी खणातून पहिल्या तिन्ही चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीनं ठेवल्या. “चुकीच्या आपण तीन बसवल्या, डॉक्टर. ही बरोबर होईल.”

डॉक्टरांनी चिठ्ठ्या वाचल्या, चष्मा काढला, पुसला, घातला. “करा,” म्हणाले. “पण त्यांनी परत आणली तर बाहेर तुम्ही बोलायचं त्यांच्याशी. मी शाळेत असताना त्यांनी मला दोनदा वर्गाबाहेर उभं केलंय.”

“कशाबद्दल?”

“उशिरा आलो म्हणून,” डॉक्टर म्हणाले आणि घाईनं बाहेर गेले.

कवळी बसवायच्या दिवशी ताई पडद्याला डोळा लावून उभ्या. बाई खुर्चीतून उठल्या, आरशात पाहिलं, ओठ एकदा मिटले, उघडले. मग त्या सरळ बाहेरच्या खोलीत गेल्या. बाहेर सात-आठ जण मोठमोठ्यानं बोलत होते, एकाचे पाय समोरच्या खुर्चीवर. बाईंनी खोलीभर नजर फिरवली.

“शिस्त!”

दोन दातांमधून अशी लखलखीत शीळ निघाली की काउंटरवरच्या बाईच्या हातातलं पेन पडलं. आणि कोपऱ्यात सुजला गाल धरून बसलेला नळदुरुस्तीवाला, पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस, ताडकन उभा राहिला. हात बाजूला, नजर समोर. का उभा राहिलो ते त्याला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तो सुजल्या गालानं वेडावाकडा हसला. “बाई! तुम्ही!”

आणि बाई हसल्या. रुमालाशिवाय, हाताशिवाय, सगळ्या फटीसकट. इतक्या हसल्या की डॉक्टर हातातलं सोडून दारात आले. पडद्यामागून ताईही कधी बाहेर आल्या ते त्यांचं त्यांना समजलं नाही. मेणानं माखलेला अॅप्रन, केसांत प्लास्टरची पूड, भर बाहेरच्या खोलीत उभ्या.

“या,” बाई म्हणाल्या, “या आतल्या ताई. यांनी केले.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी विचारलं, “माझीही तुम्हीच केलीत का हो?” आणि तोंड उघडून दाखवलं. ताईंनी वाकून पाहिलं. “तुमची वरची. खालची दुसरीकडून आणलीत. आणण्याआधी मला विचारायचं होतंत.” लोक हसले. ताईही हसल्या, आणि त्यांचे स्वतःचे दात किती वाकडेतिकडे आहेत ते सगळ्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

पुढे तशी रीतच पडली. दर गुरुवारी सकाळी काउंटरशेजारी एक जादा खुर्ची मांडली जाते. ज्यांचे दात जाणार आहेत किंवा गेले आहेत, त्यांनी आधी ताईंपाशी बसायचं. ताई विचारतात, ऐकतात, आठ दिवसांनी एक-दोन हसऱ्या पिना करून दाखवतात. एक घरी नेऊन बायकोला दाखवा, म्हणतात. नवरे हसू लावून जातात आणि दोन दिवसांनी परत येऊन सांगतात, ही म्हणते तू असा कधीच हसत नव्हतास. मग ताई पुन्हा करतात. बाजारातल्या टेबलावर वहिनी आता एकटीच बसते आणि कुणाचीही चौकशी न करता ज्याला जे हवं ते देऊन टाकते. तिच्या मते साबणवाल्याचं तोंड आता बघण्यासारखं असतं.

परवाच्या गुरुवारी एक निवृत्त स्टेशनमास्तर आले. फोटो आणायला सांगितलं होतं म्हणून त्यांनी लग्नाचा, नोकरीतला आणि निरोप समारंभाचा असे तीन मोठे फोटो कागदात गुंडाळून आणले होते. ताईंनी तिन्ही टेबलावर मांडले, भिंग घेतलं, खिडकीकडे वळवून पाहिले. तिन्ही फोटोंत मास्तर मोकळेपणानं हसत होते, आणि तिन्ही फोटोंत ओठांवर अशा झुपकेदार मिशा होत्या की खाली दात असल्याचा कसलाही पुरावा नव्हता.

“मिशा कधी काढल्यात?” ताईंनी विचारलं.

“दात गेल्यावर. म्हटलं, आता झाकायचं काय!”

ताईंनी फोटो बाजूला ठेवले आणि मेणाचा गोळा बोटांत घेतला. “बरं,” त्या म्हणाल्या, “मग मला सांगा, तुम्ही सर्वांत जास्त हसलात तो प्रसंग कोणता?”